खिशांतील अवजार : हौस आणि उपयोग

शेतकऱ्याच्या धंद्यांत एक अडचण अशी आहे कीं, त्याचें काम एका ठिकाणीं आणि त्याचीं अवजारें दुसऱ्या ठिकाणीं असतात. लोहार भात्यापाशीं बसतो, सुतार आपल्या दुकानांत असतो, यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताशीं पान्यांची मांडणी असते. शेतकऱ्याचें तसें नाहीं. फवारणी पंपाचें नोझल तुंबतें तें बागेच्या ऐन मध्यावर. ठिबकाची नळी उंदीर कुरतडतो ती विहिरीपासून सर्वांत लांबच्या ओळींत. आणि पेरणी यंत्राचा बोल्ट सैल होतो तो वाफसा निघून चालला असतां. अशा वेळीं पांच मिनिटांच्या कामासाठीं घरापर्यंत हेलपाटा पडतो. हेलपाट्याचा कंटाळा आला म्हणजे मनुष्य दांतांनीं नळी ओढतो, दगडानें बोल्ट ठोकतो, विळ्याच्या टोंकानें स्क्रू पिळतो. आणि मग पांच मिनिटांच्या कामाचा दिवसभर खोळंबा होतो, किंवा हाताला जखम होते.

अलीकडे आपल्या तरुण मंडळींच्या खिशांत घडीचें एक लहानसें अवजार दिसूं लागलें आहे. त्याला बाजारांत ‘मल्टिटूल’ म्हणतात. मिटलें म्हणजे तें मुठींत मावतें; उघडलें म्हणजे त्यांतून पक्कड, चाकू, करवत, कानस, स्क्रू पिळण्याचीं टोंकें, अरी, डबा उघडण्याचें हत्यार अशीं नाना साधनें निघतात. यंत्रांची आवड असलेला मुलगा तें हौसेनें विकत घेतो आणि घरांतील वडील मंडळी त्याला खेळणें म्हणतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण त्यांच्या तोंडीं तयारच असते. असें अवजार शेतकऱ्याच्या खिशांत असावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु तें कशावरून निवडावें, त्याजकडून कोणतें काम घ्यावें आणि कोणत्या कामास तें कधींही लावूं नये, या गोष्टी नीट समजल्या नाहींत तर वडिलांचीच म्हण खरी ठरेल. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हीं अवजारें कोठून आलीं तें पाहूं. स्वित्झर्लंडमधील श्वित्स परगण्यांत इबाख या गांवीं कार्ल एल्सेनर या कारागिरानें १८८४ सालीं चाकू करण्याचा कारखाना काढला. तो मुलूख तेव्हां गरीब होता व पुष्कळ लोक कामधंद्यासाठीं देश सोडून जात. त्यांना गांवींच काम मिळावें हा एल्सेनरचा हेतु होता. त्याच सुमारास स्विस लष्करानें प्रत्येक शिपायास घडीचा चाकू देण्याचें ठरविलें. पण तितके चाकू करून देणारा कारखाना देशांत नसल्यानें पहिला माल जर्मनींतील झोलिंगन येथून आणावा लागला. एल्सेनरनें आपल्या देशांतील चाकू करणाऱ्यांचा संघ उभारला आणि १८९१ मध्यें लष्करास देशी चाकू पुरविण्यास आरंभ केला. जर्मन माल स्वस्त पडे, म्हणून सोबत्यांनीं लवकरच अंग काढून घेतलें. एल्सेनर मात्र कर्ज सोसूनही आप्तांच्या मदतीनें टिकून राहिला. १८९७ च्या जून महिन्यांत त्यानें अधिकाऱ्यांसाठीं केलेल्या हलक्या चाकूची सरकारदरबारीं नोंद केली. त्या चाकूंतील युक्ति अशी होती कीं, एकाच स्प्रिंगेवर दोन्ही बाजूंचीं पातीं पेललीं जात. त्यामुळें वजन न वाढतां हत्यारें वाढलीं. पुढें १९०९ सालीं वारलेल्या आपल्या आईचें ‘व्हिक्टोरिया’ हें नांव त्यानें मालाला दिलें, आणि १९२१ पासून न गंजणारें पोलाद वापरांत आल्यावर त्या पोलादाचें ‘इनॉक्स’ हें नांव त्याला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हा शब्द तयार झाला.

या इतिहासांत आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, शिपायाच्या त्या पहिल्या चाकूंत फक्त चार हत्यारें होतीं : पातें, अरी, डबा उघडण्याचें हत्यार आणि स्क्रू पिळण्याचें टोंक. शिपायाचें अन्न पत्र्याच्या डब्यांतून येई आणि त्याची नवी बंदूक साफ करण्यासाठीं स्क्रू काढावे लागत, म्हणून शेवटचीं दोन घातलीं. प्रत्येक हत्याराच्या मागें रोजचें एक काम उभें होतें.

हीच गोष्ट शेतकऱ्यांच्या चाकूंतही दिसते. फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगरी प्रांतांत जोझेफ ओपिनेल हा कुऱ्हाडी-कोयते घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. त्यानें १८९० च्या सुमारास लांकडी मुठीचा, एकाच पात्याचा घडीचा चाकू तयार केला. तो तेथील शेतकऱ्यांच्या खिशांत जाऊन बसला. १९५५ सालीं त्याला पातें जागीं अडकवून ठेवणारें फिरतें कडें बसविण्यांत आलें, एवढाच काय तो मोठा फरक. बाकी चाकू जवळजवळ तसाच राहिला. अमेरिकेंत गुरें पाळणाऱ्यांचा जो जुना चाकू आहे त्याला तीन पातीं असतात. त्यांपैकीं एकाचें टोंक मुद्दाम बोथट ठेवलेलें असतें. कारण तें खच्ची करण्याच्या कामासाठीं असून जनावरानें अंग हिसडलें तर टोंक भोंसकूं नये, ही त्यांतील काळजी आहे.

पक्कड मुख्य धरून तिच्या दांड्यांत बाकीचीं हत्यारें घडी करून ठेवण्याची आजची पद्धत अमेरिकेंतील टिम लेदरमन यानें रूढ केली. १९७५ सालीं तो बायकोसह एका जुन्या मोटारींतून युरोपांत फिरत होता. मोटार वरचेवर बिघडे, मुक्कामाच्या जागीं नळ गळत. खिशांतल्या चाकूनें कांहीं कामें होत, पण पक्कड नसल्यानें पुष्कळ अडत. घरीं परतल्यावर त्यानें चाकू व पक्कड एकत्र करण्याचा ध्यास घेतला, आणि माल प्रत्यक्ष विक्रीस येण्यास १९८३ साल उजाडलें. नडलेलें काम आधीं आणि अवजार मागाहून, असाच या सर्वांचा क्रम आहे. आपण मात्र दुकानांत किंवा फोनवर चित्रें पाहून अवजार आधीं घेतों आणि त्याला काम मागाहून शोधतों.

आपल्याकडे ही कल्पना अगदींच परकी नाहीं. दांतकोरणें, कानकोरणें व चिमटा एका कडींत ओंवून जवळ ठेवण्याची चाल आपल्या आजोबांच्या वेळीं होती. आणि नव्या अवजाराला हंसण्याची चालही जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल असें म्हणून लोकांनीं तो घेण्यास किती काळ आढेवेढे घेतले, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां केवळ नवें म्हणून हंसूं नये, आणि केवळ नवें म्हणून घेऊंही नये. कामानें त्याची पारख करावी.

पारख करण्याची एक सोपी रीत आम्ही सुचवितों. अवजार घेण्यापूर्वीं पंधरा दिवस खिशांत एक वही ठेवावी. शेतांत उभें असतां कोणतें साधन हाताशीं नव्हतें म्हणून काम अडलें, तें त्या त्या वेळीं टिपावें. पंधरा दिवसांनीं ती यादी वाचावी. द्राक्षबाग असेल तर तार पिळणें व तोडणें वारंवार येईल. तेथें पक्कड हवी. भाजीपाला व ठिबक असेल तर नळी कापणें, गांठ सोडणें, गाळणीचें झांकण काढणें हीं येतील. तेथें साधा चाकू व एक चपटें टोंक पुरे. ज्याच्या यादींत पक्कड एकदांही आली नाहीं, त्यानें लोकांच्या कमरेला पाहून पकडीचें जड अवजार घेऊं नये. पुष्कळ शेतकऱ्यांची यादी चार किंवा पांच हत्यारांपलीकडे जाणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे. वीस हत्यारांचें अवजार घेतलें तर उरलेल्या पंधरांचें वजन आणि त्यांची किंमत आपण फुकट वाहतों. शिवाय तें जड झालें म्हणजे एके दिवशीं घरीं राहतें, आणि नेमकें त्याच दिवशीं नळी फुटते.

यादी झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, पातें उघडल्यावर जागीं अडकून राहतें कीं नाहीं. ज्या चाकूचें पातें केवळ स्प्रिंगेच्या जोरावर उभें असतें, त्यानें टोंचण्याचें काम करतांना पातें उलटून बोटांवर मिटूं शकतें. शेतांतील कामाला अडकणारें पातेंच घ्यावें. दुसरी, पोलाद. साध्या पोलादाला धार चटकन लागते, पण तें गंजतें. फळ कापून तसेंच मिटलें तर रातोरात काळें पडतें. न गंजणारें पोलाद दमट हवेला चांगलें. तथापि खतांचीं पाणीं व आम्लें यांपुढें तेंही हार खातें, म्हणून धुवून पुसणें चुकत नाहीं. तिसरी, सांधा. अवजार उघडून पकडीचीं टोंकें उजेडासमोर धरावीं. तीं एकमेकांवर नीट बसत नसतील किंवा खिळा हलत असेल, तर तें अवजार कितीही स्वस्त असलें तरी महाग आहे. हुबेहूब नकला बाजारांत पुष्कळ आहेत आणि त्यांचें पोलाद पहिल्याच तारेवर दांते पडून आपली लायकी सांगतें.

आतां या अवजाराची मर्यादा सांगतों. कारण लेखाचा खरा हेतु येथें आहे.

विजेच्या कामाला खिशांतील अवजार लावूं नये. याला अपवाद नाहीं. या अवजाराची मूठ बहुधा उघड्या धातूची असते. कांहींना वरून रंगीत कवच असलें तरी तें शोभेसाठीं व पकडीसाठीं असतें, विजेपासून बचावासाठीं नव्हे. आपले शेतपंप बहुतेक तीन फेजवर चालतात व तेथें सुमारें ४१५ व्होल्टचा दाब असतो. विजेच्या कामाचीं खरीं हत्यारें निराळीं असतात. त्यांच्या मुठींवर १००० व्होल्टची खूण असते आणि त्यांची त्याप्रमाणें कसोटी झालेली असते. अनवाणी पाय, ओली जमीन आणि हातांत धातूची पक्कड, हा योग जुळून आला म्हणजे फारसा विचार करावयास वेळ मिळत नाहीं. त्यांतच पुष्कळ पंपांना वीज येतांच मोटार आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ बसविलेला असतो. वीज गेली आहे असें पाहून शेतकरी स्टार्टरचा डबा उघडतो, खिशांतलें अवजार काढून सैल झालेला स्क्रू आवळूं लागतो, आणि वीज परत येते. ती येण्यापूर्वीं कोणी सूचना देत नाहीं. म्हणून डब्याला हात लावण्यापूर्वीं मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून आपल्या खिशांत ठेवावे, टेस्टरनें तिन्ही फेज पाहावे. आणि दोष आंतला असेल तर परवाना असलेल्या वायरमनला बोलवावें. त्याच्या मजुरीचे पैसे वांचविण्यासाठीं कुटुंबाचा कर्ता पणाला लावणें हा कोणत्याही हिशेबानें काटकसरीचा मार्ग नव्हे. हौशी तरुणांना ही गोष्ट विशेष करून सांगावीशी वाटते. कारण नव्या अवजारानें हाताला धीर येतो, पण ज्ञान येत नाहीं.

दुसरी मर्यादा नटबोल्टांची. नट सोडविण्याचें काम पान्याचें आहे. पकडीनें नट पिळला म्हणजे त्याचे कोन झिजतात आणि पुढें योग्य पानाही त्यावर बसत नाहीं. खिशांतील पकडीनें नट तात्पुरता आवळावा, घरीं आल्यावर पान्यानें पक्का करावा. तसेंच घडीच्या अवजारांतील स्क्रूचें टोंक बहुधा मुठीच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूला असतें. जोर दिला कीं तें घसरतें व स्क्रूची खांच खराब करतें.

तिसरी, फवारणीची. तुंबलेलें नोझल तोंडानें फुंकणें म्हणजे औषध पोटांत घेणें होय. ही संवय आजच सोडावी. पण तें अरीनें किंवा तारेनें टोंकरणेंही वाईट. नोझलचें छिद्र बारकाईनें बेतलेलें असतें. तें रुंदावलें म्हणजे थेंब मोठे पडतात, औषध जास्त जातें आणि फवारा सारखा बसत नाहीं. त्याला स्वच्छ पाणी आणि दांत घांसण्याचा एक जुना मऊ ब्रश पुरे. खिशांतील अवजाराचें काम नोझल उघडण्यापुरतें. आणि ज्या चाकूला औषध लागलें त्यानें बांधावर बसून कांदा किंवा लिंबू कापूं नये.

चौथी मर्यादा रोगप्रसाराची. खिशांतला चाकू झाडाझाडांवरून व बागाबागांतून फिरतो, म्हणून तो रोगाचा उत्तम वाहक होऊं शकतो. उसाच्या खोडव्याची वाढ खुंटविणारा रोग बेणें तोडणाऱ्या हत्यारावरून एका उसांतून दुसऱ्यांत जातो. डाळिंबावरील तेल्याचे जंतु छाटणीच्या कात्रीबरोबर पसरतात. कलमें बांधणें व छाटणी यांसाठीं वेगळें, पातळ धारेचें हत्यार ठेवावें आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना तें जंतुनाशकानें पुसावें. जनावरांच्या बाबतींतही तेंच. पोट फुगलेल्या बैलाच्या कुशींत चाकू खुपसण्याचें धाडस करूं नये. तें काम पशुवैद्याचें आणि त्याच्या स्वच्छ हत्याराचें आहे.

खिशांत ठेवण्याजोगीं आणखीही साधनें आहेत. त्यांची फार मोठी यादी देण्याचें कारण नाहीं. दोहोंविषयीं मात्र लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पहिलें, दसपट मोठें दाखविणारें घडीचें भिंग. मल्टिटूल आणि भिंग यांपैकीं एकच घेण्याइतके पैसे असतील तर आम्ही भिंग घ्या म्हणूं. पान वाकडें झालें, राखी पडलें, कीं शेजारी सांगेल तें औषध आपण आणतों. परंतु फुलकिडे आणि कोळी हे दोन निरनिराळे जीव आहेत. फुलकिड्याला सहा पाय, पूर्ण वाढ झालेल्या कोळ्याला आठ. कोळी हा कीटकच नव्हे, आणि कीटकांवरचीं पुष्कळ औषधें त्याजवर चालत नाहींत. उलट कांहीं औषधांनीं कोळ्याला खाणारे मित्रजीव मरतात व तो अधिकच फोंफावतो. पानाची खालची बाजू भिंगाखालीं पाहिली तर हा भेद जागच्या जागीं कळतो, आणि एक फवारणी जरी चुकीची टळली तरी भिंगाची किंमत अनेक पटींनीं वसूल होते. दुसरें साधन, कपाळावर बांधण्याचा दिवा. जेथें विजेची पाळी रात्रीं येते तेथें पाणी धरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात व पायापुढची जागा दिसते. साप-विंचवाच्या मुलखांत हा चैनीचा प्रकार नव्हे. त्याच्या जोडीला पायांत उंच बूट असावे हें सांगणें नकोच.

कोणतेंही अवजार जपलें तरच टिकतें. आठवड्यांतून एकदां सांधे पाण्यानें धुवून, उन्हांत वाळवून, तेलाचा एक थेंब सोडावा. धार बोथट होऊं देऊं नये. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच घसरतो. गांवच्या लोहाराकडून एकदां धार लावण्याची रीत शिकून घेतली तर जन्मभर पुरते. लोहारालाही यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं; ज्याला धारेची किंमत कळली तो नांगराचा फाळही वेळेवर पाजवून घेतो.

शेवटीं आपल्या संघाच्या शाखांपुढें तीन सूचना ठेवतों. प्रत्येक शाखेनें गांवांत एक सामाईक अवजारपेटी ठेवावी. तींत पूर्ण मापांचे पाने, विजेच्या कामाचीं कसोटी झालेलीं हत्यारें, नळ्या जोडण्याचें सामान असावें आणि नेण्या-आणण्याची नोंद वहींत व्हावी. खिशांतील अवजार हा पहिला उपचार आहे. पुरा उपचार पेटींतून व कारागिराकडून व्हावा. दुसरी सूचना अशी कीं, पावसाळ्यापूर्वीं एक दिवस ठरवून वायरमनकडून सभासदांना स्टार्टर, ऑटो व अर्थिंग यांविषयीं प्रत्यक्ष माहिती द्यावी, आणि तो दिवस घरच्या मुलांनाही बरोबर घेऊन पाळावा. तिसरी, पेटीची देखभाल गांवांतल्या यंत्रांची हौस असलेल्या एका तरुणाकडे द्यावी. त्याची हौस आज खिशांतलीं पातीं उघडण्या-मिटण्यांत खर्च होत असेल. तिला जबाबदारी मिळाली तर तोच मुलगा दोन वर्षांत गांवच्या फवारणी पंपांचा जाणकार होईल.

वडील मंडळींस विनंति एवढीच कीं, मुलाच्या खिशांतलें अवजार पाहून हंसण्याऐवजीं त्याला विचारावें, “यानें आपल्या शेतावरचें कोणतें काम होतें ?” त्याला चार कामें सांगतां आलीं तर अवजार योग्य आहे. तीं सांगतां आलीं नाहींत तर त्याच्या हातीं वही द्यावी आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां विचारावें.